ठसा कोणी घेतला

४ मार्च

बोबडे,

अनेक आशीर्वाद. अक्रोड कुठे आहेत? मागच्या खेपेला बॅग खांद्यावर टाकून दारात उभी राहिलेली आणि "आजी, पोचल्या पोचल्या अक्रोड पाठवते" म्हणालेली मुलगी तूच ना, की दुसरी कोणी होती? दुसरी असेल तर तिचा पत्ता कळव, तिलाच लिहीन. माझं वय ब्याऐंशी. विसरायचा हक्क माझा. तू तो तिशीतच वापरायला लागलीस तर म्हातारपणी काय करशील?

लिहिणारी नेहमीप्रमाणे तुझी काकू आहे. मी बोलते, ती लिहिते आणि मध्ये मध्ये "आई, जरा हळू" म्हणते. पेन तिचं, तोंड माझं, तोंडातले दात तुझे, असा तिघींचा संसार आहे. तू फोन कर म्हणतेस, पण फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं मी मनाने भरते आणि मग आपलं भांडण होतं. पत्र बरं. पत्र दोनदा वाचून घेता येतं.

दात झकास आहेत. काल शेजारणीसमोर अख्खं सफरचंद खाल्लं, न चिरता. उजव्या बाजूने खाल्लं, डावी बाजू जरा लाजाळू आहे. शेजारीण बघतच राहिली. तिचे दात मोठ्या डॉक्टरने बसवलेत, ते दिवसभर वाटीत पोहतात.

तुझ्या त्या दंत परिषदेचं काय झालं? दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते आणि त्याला दोन प्रतिष्ठित माणसांची शिफारस लागते, असं तू लिहिलं होतंस. प्रतिष्ठित माणसं शोधताना तुला घरातलं कोणी आठवलं नाही, हे मी मनात ठेवलं आहे. पण मी रुसून बसणाऱ्यातली नव्हे. माझ्या परीने एक काम करून टाकलंय. काय ते विचारू नकोस. कागद हातात पडला की कळेल.

(मी म्हणत होते, आधी बोबडीला विचारू या. – काकू)

आत्ता मी काही बोलले नाही तरी पेन चाललं. काय लिहिलंस गं? म्हणते, पूर्णविराम दिला. एवढा लांब पूर्णविराम!

अक्रोड फोडलेले पाठवू नकोस. दात आहेत मला.

तुझी आजी
(अंगठा)


११ मार्च

आजी,

अक्रोड विसरले. खरंच विसरले. रागवू नकोस, कारण पुढचं वाचलंस की रागवायला वेळ मिळणार नाही.

नोंदणी नवी होऊन येण्याऐवजी परिषदेची नोटीस आली आहे. जशी आहे तशी लिहिते. "आपण दंत तंत्रज्ञ म्हणून नोंदणीकृत असताना, दंतवैद्याच्या लेखी सूचनेविना रुग्णाच्या तोंडाचा ठसा घेतल्याचे व कवळी स्वतः बसवल्याचे परिषदेच्या निदर्शनास आले आहे. आपली नोंदणी रद्द का करू नये?" सुनावणी वीस एप्रिलला.

तुला मी मागेच सांगितलं होतं. आमचं काम टेबलापाशी. डेंटिस्ट पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतो, तो ठसा डबीतून आमच्या लॅबमध्ये येतो. आम्ही त्यात प्लास्टर ओततो, मेणात एकेक दात लावतो, कवळी घडवतो आणि परत पाठवतो. ज्याच्यासाठी दात केले त्याचा चेहराही आम्हाला दिसत नाही. तोंडात हात घालायचा नाही, एवढा एकच नियम. तो मोडला की नोंदणी जाते, आणि नोंदणी गेली की कुठलीच लॅब दारात उभं करत नाही. मला दुसरं काही येत नाही, आजी.

आणि मी उभ्या आयुष्यात एकाच तोंडात हात घातलाय.

आठवतंय ना, दोन वर्षांपूर्वी? डॉक्टरची कवळी तुला बोचायची. परत त्यांच्याकडे चल म्हटलं तर म्हणालीस, "परक्यासमोर मी पुन्हा तोंड उघडणार नाही." मग स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या स्टुलावर तुला बसवून मी ठशाची पावडर तुझ्याच वाटीत कालवली. त्याच दिवशी तू माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीस, कोणाला सांगणार नाही म्हणून. मग कळलं कोणाला?

तक्रार करणाऱ्याचं नाव नोटिशीत नाही. लॅबमध्ये आम्ही सहा जण. मला सारखं वाटतं की हे मेणमास्तरांचं काम. ज्यांनी मला मेणात दात लावायला शिकवलं तेच. मी तुझी कवळी घडवत होते तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "हा ठसा कुठल्या डॉक्टरचा?" मी ऐकू न आल्यासारखं दाखवलं होतं. आणि परवापासून ते माझ्या नजरेला नजर देत नाहीत.

जिन्यात पाऊल वाजलं की हातातलं काम खाली ठेवते. काल मेणाच्या दिव्यावर बोट भाजलं, तेही वासावरून कळलं. तू कोणाला बोललेली नाहीस ना? एवढंच कळव.

बोबडी


१६ मार्च

बोबडे,

पत्र पोचलं. काकूने वाचून दाखवलं. तू अक्रोड विसरलीस, काम बरं चाललंय, बोटाला जरासं भाजलं, एवढाच मजकूर.

पण पानं चार आहेत गं. दोन्ही बाजूंनी निळीशार. मला अक्षर येत नाही, पण अक्षर किती आहे ते दिसतं. तुझी चार पानं वाचताना काकूला चहा दोनदा गरम करावा लागतो. या वेळी पहिल्याच चहावर साय धरायच्या आत पत्र आटोपलं. विचारलं तर म्हणते, "अक्षर मोठं काढलंय तिने." मोठं अक्षर! म्हणजे तू आता माझ्यासारख्यांसाठी लिहायला लागलीस म्हणायचं.

असो. मी ताणलं नाही. सुनेला खोटं बोलताना एकदा पकडलं की ती दुसऱ्यांदा नीट बोलते. त्यापेक्षा कच्चंच राहू द्यावं.

परिषदेचा कागद आला का? यायला हवा आता.

अक्रोड राहू देत. चहात बुडवायची बिस्किटं पाठव. दात झकासच आहेत, मलाच हल्ली चावायची घाई नसते.

तुझी आजी
(अंगठा)

(बाळा, हे मी मागच्या बाजूला लिहितेय. आईंना नोटिशीचं वाचून दाखवलं नाही. हल्ली त्या जेवतात कमी, त्यात हा घोर कशाला? तू कोणावर संशय घेऊन बोलू नकोस. जरा थांब. पुढचं पत्र मला एकटीला लिही. मला तुला एक सांगायचंय, पण लिहिता येत नाही. वीस वर्षं आईंचं लिहिलं, स्वतःचं लिहायला घेतलं की पेन अडतं. – काकू)


२२ मार्च

काकू,

हे फक्त तुला.

"थांब" म्हणालीस, पण तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच मी बोलून बसले. मेणमास्तरांना, सगळ्यांदेखत. म्हटलं, "ज्या हातांनी शिकवलंत त्याच हातांनी गळा कापलात." त्यांनी मेणाची सुरी पुसली, जागेवर ठेवली, चपला घातल्या आणि गेले. तीन दिवस झाले, आलेले नाहीत. त्यांच्या टेबलावर एक अर्धवट कवळी तशीच पडली आहे, वरचे सहा दात लागलेले, खालचे नाहीत.

काल मी परिषदेच्या कार्यालयात गेले. ज्याच्यावर आरोप आहे त्याला फाइल बघता येते, तसं नोटिशीतच लिहिलं होतं. लांब बोळ, शेवटी एक खिडकी. तिथल्या क्लार्कने बोटातली रबरी टोपी न काढता फाइल सरकवली. "इथेच बसून बघा. फोटो काढायचा नाही."

पहिलं पान उघडलं आणि काकू, मला आधी बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. घरचं पत्र आल्यासारखं. कारण अक्षर तुझं होतं. तुझा तो ळ, ओळीखाली पाय पसरून बसणारा.

मग मी वाचलं.

"दंत परिषदेच्या साहेबांस, माझी नात प्रतिष्ठित नसलेल्या घरातली आहे असं समजू नये. तिने स्वतः माझ्या तोंडात हात घालून ठसा घेतला. मी तिला चावलेसुद्धा, पण तिने हात मागे घेतला नाही. नंतर कवळी आणून आपल्या हाताने बसवली. असे दात तुमच्या एखाद्या डॉक्टरने बसवून दाखवावेत. तरी तिची नोंदणी विनाविलंब करावी."

खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. त्यावर सुरीचा आडवा व्रण. मी लहान असताना ज्याला मी आजीच्या अंगठ्याचं तोंड म्हणायचे, तो.

तक्रार नव्हती, काकू. शिफारस होती.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. क्लार्कने विचारलं, "तक्रारदार ओळखीचे आहेत का?" तर माझी बोबडी वळली. लहानपणी दात पडल्यावर लागलेलं नाव तिथे खिडकीत उभं राहून खरं झालं.

तुला हेच सांगायचं होतं ना? मी तुझ्यावर रागावलेले नाही. रागवायला आत जागाच नाही, सगळी भीतीने भरली आहे. आजीला यातलं एक अक्षर कळू देऊ नकोस. आपल्याच शब्दांनी हे झालं हे तिला कळलं तर ती बोलायचं सोडून देईल. हे पत्र फाडून टाक.

बोबडी


२७ मार्च

बोबडे,

अक्षर वेगळं दिसत असेल. लिहिणारा आमच्या कोपऱ्यावरचा औषधवाला आहे. डॉक्टरांचं अक्षर ज्याला लागतं त्याला तुझंही लागेल, म्हणून त्याच्याकडे गेले.

तुझ्या काकूने पत्र फाडलं नाही. तिला काही फाडवत नाही. ती लपवते, आणि इतक्या वर्षांत पिठाच्या डब्यामागची जागा तिने बदललेली नाही. मी पदराखाली घालून आणलं. याने गिऱ्हाइकं सांभाळत सांभाळत सगळं वाचलं. अंगठ्यापाशी आल्यावर आवाज हळू केला. मी म्हटलं, तसाच वाच. मग त्याने स्टूल पुढे केलं आणि पाणी दिलं.

मला आजवर कशाची भीती वाटली नाही असं तू समजतेस. अंधाराची नाही, एकटेपणाची नाही, तुझ्या आजोबांच्या रागाची तर मुळीच नाही. पण कागदाची वाटते. पहिल्यापासून. कागद माझ्यासमोर मुका असतो आणि दुसरीकडे जाऊन बोलतो. म्हणून मी वाचून घेतल्याशिवाय कधी अंगठा दिला नाही. दोनदा वाचून घेते. त्या पत्राचंही दोनदा वाचून घेतलं होतं. शब्दन् शब्द माझा होता. आणि तरी तो कागद तिथे जाऊन मी कधीच न बोललेलं बोलला.

शपथ मी विसरले. खोटं सांगत नाही, पार विसरले. तोंडात हात घातला हा तुझा गुन्हा आहे असं माझ्या मनातच नव्हतं, मला ते तुझं मोठेपण वाटलं. जगात कोण कोणाच्या तोंडात हात घालतं? तुला अक्रोडांवरून बोलले ते मागे घेते.

आता ऐक. मेणमास्तरांच्या घरी जा. हे पत्र वाचून होताच. दारात उभी राहून क्षमा माग, आत बोलावलं नाही तरी माग. काकूवर रागावू नकोस. ती तीनदा म्हणाली होती, नातीला विचारू या. मला सगळं कळलंय हे तिला अजून माहीत नाही. ती माझ्यापासून लपवतेय, मी तिच्यापासून लपवतेय. घरात दोन बायका आणि दोघींच्या तोंडाला कुलूप.

रात्री जीभ दातांवरून फिरवते. तुझे दात. आता ते तोंडात आहेत की पुराव्याच्या पेटीत, कळत नाही.

काही पाठवू नकोस.

तुझी आजी
(अंगठा. याचंही दोनदा वाचून घेतलं.)

(टीप: आजी तोंडात लावायचं मलम या महिन्यात तिसऱ्यांदा घेऊन गेल्या. ते पत्रात लिहू नको म्हणाल्या, म्हणून पत्रात लिहिलेलं नाही. – औषधवाला)


१ एप्रिल

आजी,

हे पत्र काकूच वाचेल. काकू, सगळं वाच. आजीला सगळं ठाऊक आहे. तुझी पिठाच्या डब्यामागची जागाही.

मी मास्तरांकडे गेले. दार त्यांनीच उघडलं. मी बोलायच्या आधीच म्हणाले, "चहा घेशील?" लॅबचं नाव वाचावं म्हणून लॅबच्या मालकांनी त्यांना माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला सांगितलं होतं. त्यांनी नाही म्हटलं होतं. म्हणून नजर चुकवत होते, मला कळू नये म्हणून. मी रडले. ते म्हणाले, "मेण तापलं की वितळतंच. गार झालं की पुन्हा कामाला येतं. उद्या ये, खालचे दात तू लाव."

त्यांनीच मला त्यांच्या ओळखीच्या वकिलांकडे नेलं. वकील हसले. म्हणाले, हे तर सोपं आहे. तक्रारदार निरक्षर, वय झालेलं. परिषद जबाब घ्यायला घरी माणूस पाठवेल. आजींनी एवढंच सांगायचं, "मला वाचता येत नाही. अंगठा लाव म्हणाले, लावला." कागद रद्द, प्रकरण रद्द.

मग तो मजकूर कोणी रचला, असं मी विचारलं. ते म्हणाले, ज्याचं अक्षर त्याने.

आजी, मी तुला असं सांग म्हणत नाही. सांगू नकोस असंही म्हणवत नाही. ही ओळ मी चारदा लिहून चारदा खोडली. मला भीती वाटते, एवढंच खरं आहे.

मलमाचं कळलं. कवळीची डावी कड घासत असणार. दोन दिवस काढून ठेव, मी आले की कड घासून देते. देईन म्हणजे, डॉक्टरांकडून करवून घेईन.

बोबडी


१२ एप्रिल

बोबडे,

काकू लिहितेय. आता पेन आणि तोंड दोन्ही सरळ चालतात. तुझं पत्र तिने पूर्ण वाचलं, चहा दोनदा गरम झाला. वकिलाच्या वाक्यापाशी आली आणि वाचता वाचताच म्हणाली, "आई, तसंच सांगा. नाव गेलं तर माझं जाईल. मला ओळखतं कोण?" बघ! वीस वर्षं माझ्या मागे बसून लिहिलं आणि हिला वाटतं, हिला कोणी ओळखत नाही. मी म्हटलं, बघू, आयत्या वेळी तोंडात येईल ते.

काल परिषदेच्या बाई आल्या. स्वतः दातांच्या डॉक्टर, केस पिकलेले, चष्मा दोरीला. बरोबर लिहायला एक माणूस. बसायला बाहेर खुर्च्या मांडल्या होत्या, पण त्या उजेड कुठे आहे विचारत थेट स्वयंपाकघरात आल्या आणि मला म्हणाल्या, "बसा." त्याच स्टुलावर.

पहिलाच प्रश्न: "आजी, ठसा कोणी घेतला?"

मी म्हटलं, "घेतला म्हणजे? कोणी घेतला नाही. मी दिला. दोनदा वाचून घेऊन."

बाईंनी कागदातून मान वर केली. "मी अंगठ्याचं विचारत नाही. तोंडाचं विचारतेय."

झालं. वकिलाची युक्ती पहिल्याच वाक्याला पाण्यात गेली. मी फार विचार करून खरं बोलले असं तुला सांगायला आवडलं असतं, पण खोटं कशाला बोलू? जीभ पुढे गेली. जन्मभर लोक म्हणत आले, हिला काय कळतंय, हिचा अंगठा घ्या. त्या एका गोष्टीवर माझी जीभ मला विचारत नाही. मग तोंडाच्या ठशाचंही सांगितलं. हट्ट माझा होता, परक्याकडे जायचं नाही म्हणाले, पोरीने माझ्यासाठी केलं. तो माणूस भराभरा लिहीत होता. पेनाचा आवाज मला आवडत नाही हल्ली.

बाई म्हणाल्या, कवळी बघू. काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. उलटी केली, सुलटी केली, कडेवरून अंगठा फिरवला. म्हणाल्या, "काम सुंदर आहे." मग बॅटरी काढली. परक्यासमोर मी तोंड उघडत नाही, पण कवळीला सुंदर म्हणणारं माणूस परकं कसं? उघडलं.

त्या बघत राहिल्या. डावीकडे. पुष्कळ वेळ.

अक्षरं येत नाहीत म्हणून मी चेहरे वाचते, बोबडे. त्यांचा चेहरा मिटला. लिहिणाऱ्याला म्हणाल्या, "तू बाहेर थांब." मला विचारलं, किती दिवस दुखतंय? म्हटलं, थोडे दिवस. तर तुझी काकू मागून म्हणते, "थंडी सुरू झाल्यापासून." हिच्या ते ध्यानात आलं होतं. मला वाटत होतं, लपवण्यात घरात मीच पहिली.

बाईंनी एक वेगळी चिठ्ठी लिहिली. त्यात काय आहे ते काकू सांगेल. मी हात धुवायला उठले असं समज.

(बाळा, आईंच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आहे. कवळीची कड तिथे घासते. चट्टा कडेने कडक झालाय. बाई म्हणाल्या, वाट बघायची नाही. परवा इस्पितळात तुकडा काढून तपासायला देणार. उत्तर यायला तीन आठवडे लागतील. कवळी बंद. तुझे दात आहेत, दुखतंय म्हटलं तर बोल तुला लागेल, म्हणून आई बोलल्या नाहीत. – काकू)

तुझी आजी
(अंगठा)


१७ एप्रिल

आजी,

तुझी सगळी पत्रं समोर मांडून बसले आहे. आधी अक्रोड, तेही न फोडलेले. मग चहात बुडवायची बिस्किटं. मग काही पाठवू नकोस. तू सगळं लिहीत होतीस आणि मी वाचलं नाही. तुला एक अक्षर न येता तू माझी चार पानं ओळखलीस. मला सगळी अक्षरं येतात.

आता मी सांगते ते काकूने आवाज हळू न करता वाचावं.

दोन वर्षांपूर्वी त्या स्टुलावर मी तुझ्या तोंडात पाहिलं तेव्हा डाव्या गालात आत तिळाएवढं पांढरं काहीतरी होतं. मला दिसलं होतं. वाटलं, जुनी कवळी घासली असेल, नवी बसली की जाईल. पुढे विसरले. मला दात दिसतात, आजी. हिरड्यांची उंची दिसते, चावा दिसतो. गाल बघायला मला कोणी शिकवलेलं नाही. डेंटिस्टने ठसा घेतला असता तर ठशाचा ट्रे तोंडात घालायच्या आधीच तो थांबला असता.

तोंडात हात घालायचा नाही. मला वाटायचं, हा नियम आम्हाला टेबलाखाली दाबून ठेवायला केलाय. तो तुझ्यासाठी होता.

वीस तारखेला मी सांगणार आहे की ठसा मी घेतला आणि तीळ मी पाहिला होता. वकील म्हणतात, तिळाचं सांगायची गरज नाही, ते कोणाला माहीत नाही. मला माहीत आहे.

नोंदणी गेली तर जाऊ दे. आता मला त्या कागदाची भीती नाही. इस्पितळातून येणाऱ्या कागदाची आहे. जेवताना जीभ आपोआप माझ्या डाव्या गालाकडे जाते.

बोबडी


१० मे

बोबडे,

पुन्हा विसरलीस. पत्रावर घराचा पत्ता पूर्ण लिहायचा असतो. तुझं पत्र दोन दिवस शेजारणीकडे होतं. तिने ते कवळीच्या वाटीखाली ठेवलं होतं, ओलं झालंय. तरी मजकूर लागला. सहा महिने नोंदणी स्थगित, रद्द नाही. तीळ पाहिला होता हे तू आपणहून सांगितलंस म्हणून रद्द नाही, असं त्या बाईंनीच काकूला सांगितलं. मेणमास्तर तुझी खुर्ची कोणाला देणार नाहीत, हेही वाचलं.

आता माझा कागद. गुरुवारी आला. काकूने दारातच उघडला, उभ्याने. पान एकच होतं आणि ते हलत होतं. मी म्हटलं, चहा ठेवू का? म्हणाली, "आई, थांबा." तिचे ओठ हलत राहिले, आवाज येईना. बोबडे, ते एक पान मला तुझ्या चार पानांहून लांब वाटलं. दातखीळ म्हणतात ती दात नसताना बसली. मग ती खाली उंबऱ्यावरच बसली आणि म्हणाली, "तो रोग नाही. पण त्याच्या वाटेला लागलं होतं."

चट्टा काढून टाकलाय. चार टाके. दर तीन महिन्यांनी जाऊन तोंड उघडायचं, परक्यासमोर, जन्मभर. ही माझी शिक्षा. तुझी सहा महिन्यांची, माझी मोठी आहे. भीती गेली असं म्हणत नाही. कवळीची वाटी रिकामी आहे, तिच्यात ठेवली आहे. सकाळी उठून बघते, असते तिथेच.

बाई म्हणाल्या, दोन महिन्यांत जखम भरेल, मग नवी कवळी करू. ठसा त्या घेतील. विचारलं, "दात कुठल्या लॅबकडून करून घ्यायचे?" मी म्हटलं, "ज्या लॅबच्या टेबलापाशी माझी नात बसते." म्हणाल्या, "आजी, तिची नोंदणी ऑक्टोबरशिवाय परत येत नाही. तोवर बिनदाताच्या राहाल?" म्हटलं, "मी बिनदाताचीच जन्मले होते, तेव्हा कोणाचं काही अडलं नव्हतं."

त्यांनी तसं लिहून घेतलं. ठसा त्या घेणार, दात तू करणार, बसवणार त्या. खाली मी अंगठा दिला. दोनदा वाचून घेतलं, आणि तिसऱ्यांदा काकूला विचारलं, हा कागद तिथे जाऊन दुसरं काही बोलणार नाही ना? ती म्हणाली, "नाही, आई." खोटं बोलताना ती नाकात बोलते, या वेळी तशी बोलली नाही.

तर आता पाठवायचं ते. पिकलेली केळी नकोत, ती इथेही मिळतात आणि मला त्यांचा वीट आलाय. अक्रोड पाठव. आत्ताच, या पत्राच्या उत्तराबरोबर. ऑक्टोबरवर सोडलं तर तू विसरशील. डब्यात घालून ठेवीन, रोज एकदा वाजवून बघीन. आणि फोडलेले नकोत.

तुझी आजी
(अंगठा)